वर्षाची चटणी, तिच्यातल्या बिया आणि अँटिऑक्सिडंटचा आकडा

कागल तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं आहे: "आम्ही कांदा-लसूण चटणी आणि धने-जिरे पूड करून विकतो. पाकिटावर 'अँटिऑक्सिडंटयुक्त' छापावं, असं गटातल्या मुलींचं म्हणणं आहे. धने, जिरे, मेथी, ओवा, तीळ, मोहरी यांत फिनॉलिक द्रव्यं खरंच किती असतात? भाजल्यावर ती टिकतात का? आणि प्रयोगशाळेत कोणती तपासणी करून घ्यावी?"

ताई, तपासणीला पैसे घालण्याआधी मुख्य गोष्ट सांगते. या बियांत फिनॉलिक द्रव्यं असतात आणि ती अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे ऑक्सिजनने होणारा बिघाड रोखण्याचं, काम करतात, यात शंका नाही. पण त्यांचं जे काम तुम्हाला-मला पडताळून बघता येतं, ते गिऱ्हाइकाच्या पोटात नव्हे, तर तुमच्या बरणीत चाललेलं असतं. चटणीतलं सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि कांदा तळलेलं तेल खवट व्हायला ती उशीर लावतात. अन्नपदार्थांच्या तपासणीत माझं आयुष्य गेलं. कोल्हापुरात चटणीचे नमुने येणं कधी थांबत नाही. त्या सगळ्या कामानंतर माझं मत असं आहे, की पाकिटावरच्या शब्दापेक्षा बरणीतल्या या कामाकडे लक्ष दिलंत तर तुमचा माल जास्त चांगला होईल.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. बेंझिनच्या कड्याला, म्हणजे सहा कार्बनच्या चक्राला, थेट जोडलेला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ज्या रेणूत असतो, तो फिनॉलिक. हा गट आपला हायड्रोजन सहज सोडून देतो. तेल खवट होतं ते एका साखळीने: तेलाचा एक रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन मूलक, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर रेणू, बनतो, तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, मग तो शेजारी पुढच्याचा. फिनॉलिक रेणू मध्ये आला की तो स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो. त्यानंतर तोही मूलकच होतो, पण त्याचा सुटा इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर पसरतो, त्यामुळे पुढच्या रेणूवर हल्ला करण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. साखळी तिथेच तुटते. शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू, म्हणजे कॅफिक आम्ल, क्लोरोजेनिक आम्ल, रोझमॅरिनिक आम्ल, हे काम अधिक चांगलं करतात. शिवाय ते लोह आणि तांबं यांनाही धरून ठेवतात. हे धातू तेल बिघडवण्याचा वेग वाढवतात, म्हणून तोही फायदाच.

ज्याचा वास जास्त त्यात अँटिऑक्सिडंट जास्त, असं व्यापारीही सांगतात आणि शिकलेली माणसंही. बहुतेक बियांच्या बाबतीत ते खरं नाही. जिऱ्याचा वास क्युमिनाल्डिहाइडचा, धन्याचा लिनालूलचा, बडीशेपेचा अ‍ॅनेथोलचा. या तिघांतल्या एकातही मोकळा फिनॉलिक गट नाही. या बियांतले खरे फिनॉलिक म्हणजे बिनवासाची, थोडी तुरट-कडवट आम्लं आणि फ्लॅव्होनॉइड (फिनॉलिकचाच एक गट). धन्यात कॅफिक आणि क्लोरोजेनिक आम्लाचा गट, बडीशेपेत त्यांच्या जोडीला रोझमॅरिनिक आम्ल आणि क्वेर्सेटिनची संयुगं. त्यातली बरीचशी पेशींच्या भिंतींना आणि टरफलाला चिकटलेली असतात. अर्क काढायला वापरतात त्या मिथेनॉल या द्रावकाने नुसती ती सुटत नाहीत, अल्कलीने तोडावी लागतात. वासाचं तेल मात्र टरफलातल्या बारीक नळ्यांत असतं. म्हणून एखादा जिऱ्याचा लॉट नाकाला फिका लागूनही फिनॉलिकच्या तपासणीत चांगला उतरू शकतो, आणि याच्या उलटही घडतं.

ओवा याला अपवाद, आणि काय सुंदर अपवाद! ओव्याच्या वासाचं मूळ असलेलं थायमॉल स्वतःच फिनॉल आहे. ओव्याच्या सुगंधी तेलात ते साधारण 35 ते 60 टक्के असतं. चिमूटभर ओवा तळहातावर चोळा. आधी उग्र वास येतो, मग कातडीला किंचित गार-झणझणीत लागतं. तेच थायमॉल. ते तेलात विरघळतं, त्यामुळे चटणीतल्या चरबीपर्यंत ते थेट पोहोचतं. क्लोरोजेनिक आम्लाला पाणी आवडतं, ते तेलात नीट मिसळत नाही. पण थायमॉल उडूनही जातं. कढईत ओवा लाल होईपर्यंत भाजला की घरभर वास सुटतो आणि बरणीत जायचा वाटा तितकाच कमी होतो. आपल्याकडे चटणीत ओवा सगळे घालत नाहीत, चव बदलते म्हणून. घालायचाच असेल तर अगदी थोडा घ्या, आणि बाकीचं भाजून झाल्यावर गरम कढईत नुसता परतून काढा.

तिळाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण कोल्हापुरी चटणीत तीळ भरपूर पडतो आणि तो फक्त दाटपणासाठी घालतात असा समज आहे. तिळात सेसमिन आणि सेसमोलिन नावाची लिग्नान द्रव्यं असतात. कच्च्या तिळात यांच्याकडे मोकळा फिनॉलिक गट नसतो, त्यामुळे तपासणीत त्यांचा जोर दिसत नाही. तीळ भाजले की सेसमोलिन फुटतं आणि त्यातून सेसमॉल तयार होतं. सेसमॉल हा खराखुरा फिनॉल आणि तेल टिकवण्यात फार पटाईत. भाजलेल्या तिळाचं तेल इतर तेलांच्या मानाने उशिरा खवट होतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणजे तीळ चांगला तडतडेपर्यंत भाजून चटणीत घालायची आपल्या बायकांची रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे. कच्चा तीळ डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, टाकून वेळ वाचवू नका. करपवूही नका. करपलेल्या तिळाचं तेल आधीच बिघडलेलं असतं, तिथे सेसमॉल काही करू शकत नाही.

मोहरीचंही असंच. तिच्यात सिनॅपिक आम्ल कोलीनला जोडलेलं असतं, त्या जोडीला सिनॅपिन म्हणतात. तापवल्यावर सिनॅपिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅनोलॉल नावाचं तेलात विरघळणारं अँटिऑक्सिडंट बनतं. फोडणीत तडतडलेली मोहरी तोंडाला झणझणत नाही, कारण तिखटपणा तयार करणारं मायरोसिनेज हे विकर उष्णतेने मरतं. त्याच उष्णतेत हे दुसरं द्रव्य जन्माला येतं.

मेथी वेगळ्या कारणाने त्रास देते. तिच्यात व्हायटेक्सिन जातीचे फ्लॅव्होनॉइड चांगले असतात, पण बीमध्ये गॅलॅक्टोमॅनन हा डिंकही भरपूर असतो. मेथीची पूड पाण्यात ढवळून गाळायला लावा. थोड्याच वेळात गाळणकागदावर बुळबुळीत थर बसतो आणि थेंब पडायचा थांबतो. तीच पूड 70-80 टक्के मिथेनॉलमध्ये हलवली की डिंक तळाशी राहतो आणि वरून स्वच्छ पिवळसर अर्क निघतो. मेथी तीच, पूड तीच, द्रावक बदलला आणि आकडा बदलला. जिरे, शहाजिरे, खसखस, वेलदोडा यांवर इथे फार बोलत नाही. फिनॉलिकच्या बाबतीत खसखस आणि वेलदोडा मागेच असतात. त्यांचं मोल वेगळ्या कारणासाठी आहे.

आता किती, या प्रश्नाकडे येते. बहुतेक बियांच्या मसाल्यांत ग्रॅममागे काही मिलिग्रॅम ते वीसेक मिलिग्रॅम, असा अंदाज धरा. प्रयोगशाळेत हे गॅलिक आम्ल या एका ठराविक फिनॉलिकच्या तुलनेत मोजतात. लवंगेत मात्र युजेनॉल आणि टॅनिन मिळून हाच आकडा ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमच्या वर जातो. लवंग ही बी नाही, ती सुकवलेली कळी. म्हणून कोणी तुम्हाला आख्ख्या चटणीचा आकडा काढून "तुमच्या धन्या-जिऱ्यात बघा किती अँटिऑक्सिडंट" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या आकड्यात लवंग आणि दालचिनीचा वाटा असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन हेही फिनॉल आहे, तेही मोजलं जातं. मिरचीतलं क जीवनसत्त्व फिनॉल नाही, तरीही मोजलं जातं. कांद्यातलं क्वेर्सेटिन आहे ते वेगळंच.

हे असं का होतं ते तपासणी समजून घेतली की कळेल. एकूण फिनॉलिक मोजायला एक अभिकर्मक, म्हणजे रंग बदलून द्रव्य दाखवणारं रसायन, वापरतात. फोलिन आणि सिओकाल्टो यांनी ते 1927 मध्ये टायरोसीनसाठी वापरलं. 1965 मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी ते वाइनमधल्या एकूण फिनॉलिकसाठी बसवून दिलं, तीच पद्धत आज जगभर चालते. परीक्षानळीत अर्काचे थेंब, त्यात पिवळं अभिकर्मक, मग सोडियम कार्बोनेट. थोड्या वेळात पिवळ्याचं हिरवट होतं आणि हळूहळू दाट निळं. तो निळा रंग 765 नॅनोमीटरला मोजतात. पण हे अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही, ते इलेक्ट्रॉन देणारं काहीही ओळखतं. क जीवनसत्त्व, काही साखरा, प्रथिनांतलं टायरोसीन, भाजताना तयार झालेली तपकिरी द्रव्यं, सगळ्यांनी निळा रंग वाढतो. त्यामुळे 'एकूण फिनॉलिक' हा आकडा तुलनेला चांगला, तोही एकाच प्रयोगशाळेत, एकाच द्रावकात, एकाच पद्धतीने काढलेला असेल तर. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून हे मोठं, ते लहान असं ठरवू नये.

दुसरी तपासणी डीपीपीएचची, म्हणजे त्या नावाच्या टिकाऊ मूलक रसायनाची. त्याचं द्रावण गर्द जांभळं असतं. अँटिऑक्सिडंट पडलं की रंग उतरत पिवळ्याकडे जातो, तो 517 नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. अहवालात 'आयसी-50' असा आकडा येतो. निम्मा रंग घालवायला किती अर्क लागला, ते तो सांगतो, म्हणजे आकडा जितका लहान तितका नमुना जोरदार. अनेक जण मोठा आकडा बघून खूश होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने एके काळी पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची, ओआरएसीची, मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. मसाले त्या यादीत वरच्या बाजूला असायचे आणि ती यादी दाखवून जगभर माल विकला गेला. 2012 मध्ये खात्याने ती काढून टाकली. नळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरात काय परिणाम होईल ते ठरत नाही आणि त्यांचा जाहिरातीत गैरवापर होतो, असं कारण खात्याने दिलं. शरीराचं गणितही साधंच आहे. समजा एक माणूस दिवसाला दोन-तीन ग्रॅम बियांचा मसाला खातो. त्यातून येणारं फिनॉलिक एका कप चहातल्यापेक्षाही कमी भरतं. त्यातलं थोडंच आतड्यातून रक्तात जातं, आणि जातं तेही यकृताने रूप बदलून टाकलेलं. आतड्यातले जंतू उरलेल्याचं काय काय करतात हा मोठा आणि गंभीर अभ्यासाचा विषय आहे, पण त्यावरून पाकिटावर छापता येईल असं वाक्य निघत नाही.

याउलट भांड्यात चालणारं काम स्पष्ट दिसतं. 2010 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी खिम्याच्या टिकियांत मसाल्यांचं मिश्रण घालून त्या भाजल्या. मसाला घातलेल्या मांसात चरबी बिघडल्याची खूण असलेलं मॅलोनडायअल्डिहाइड बिनमसाल्याच्या मांसापेक्षा बरंच कमी निघालं. त्या मिश्रणात बियांपेक्षा पानं, साली आणि लवंग यांचा भर होता, हेही सांगायला हवं. पण तत्त्व तेच. मटणाला मसाला चोळून ठेवणं चवीसाठी आहेच, चरबीसाठीही आहे.

भाजण्याबद्दल तुमचा प्रश्न होता. हलकं भाजल्यावर फोलिनचा आकडा बहुधा वाढतो. त्याला दोन कारणं. टरफलाला चिकटलेली काही फिनॉलिक उष्णतेने सुटी होतात, आणि साखर-प्रथिनांच्या तापण्यातून बनलेली तपकिरी द्रव्यंही मोजली जातात. त्याच वेळी क्लोरोजेनिक आम्लासारखी नाजूक द्रव्यं कमी होत असतात. वाढलेला आकडा म्हणजे सगळं वाढलं असं नाही. तपकिरी द्रव्यंही तेल टिकवायला मदत करतात, म्हणून हलकं भाजणं हा तोट्याचा व्यवहार नाही. धने बोटांत दाबल्यावर कुरकुरीत फुटले, जिऱ्याचा रंग एक छटा गडद झाला, की उतरवा आणि लगेच परातीत पसरा. गरम कढईत तसंच ठेवलं तर ते भाजत राहतं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा नियम पाळा. मेथीला लागणारा वेळ आणि खसखशीला लागणारा वेळ यांत फार फरक आहे.

कुटताना उष्णतेकडे बघा. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मसाला पुष्कळ तापतो. पूड हातात घेतली की कढत लागते, आणि त्या वाफेबरोबर थायमॉल, लिनालूल निघून जातं. म्हणूनच द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवून दळायची पद्धत निघाली. अजमेरजवळच्या तबिजीला बीजीय मसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 2000 साली स्थापन झालेलं. तिथेही या गार दळणावर काम झालं आहे. तुम्हाला नायट्रोजनची गरज नाही. आपला डंक मुसळाच्या ठोक्याने कुटतो, चक्कीपेक्षा मसाला कमी तापवतो, फक्त त्याला वेळ द्या. उन्हाळ्यात डंकावर रांगा लागतात तेव्हा लोक एकामागून एक घाणे ढकलतात आणि उखळ गार व्हायला फुरसतच मिळत नाही. शक्य असेल तर सकाळचा पहिला नंबर धरा. डंकाचं लोखंड गंजलेलं नाही ना, हेही बघा. गंजाचे कण चटणीत गेले की तेच लोह खोबऱ्याचं तेल बिघडवायला लागतं. आणि कुटलेली चटणी गरम असताना बरणीत भरू नका.

माल घेताना हंगामाचा फायदा घ्या. जिरे-धने ही रब्बीची पिकं, गुजरात-राजस्थान-मध्य प्रदेशात फेब्रुवारी-मार्चपासून निघतात आणि आपली चटणीची धांदल मार्च ते मे या काळात असते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दुकानदाराला नवा माल की जुना, हे स्पष्ट विचारा. जुन्या बिया चोळल्यावर धूळ जास्त निघते आणि वास उशिरा येतो. आख्खी बी हा तिच्यातल्या द्रव्यांसाठी सर्वांत चांगला डबा आहे, म्हणून धने-जिरे पुडीचा व्यवसाय करताना वर्षाचं दळण एकदम काढू नका, महिन्याच्या विक्रीपुरतंच काढा.

खरी परीक्षा जूनपासून. आपल्या पावसात हवेतला ओलावा चटणीतलं मीठ ओढून घेतं, गोळे बनतात, बुरशीची भीती असते. बुरशीपुढे फिनॉलिक द्रव्यं तुम्हाला वाचवणार नाहीत, तिथे सुकवणंच कामाला येतं. तळलेल्या कांद्यात ओल राहिली असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. पारदर्शक पातळ पिशवी टाळा. प्रकाश आणि हवा, दोन्ही आत येतात.

गटातल्या बायकांसाठी आणखी एक सांगते. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मेथी-ओव्याचा काढा किंवा चहा गोळीबरोबर घेऊ नये. जी द्रव्यं बरणीत लोखंड धरून ठेवतात, ती पोटातही धरतात. दोन्हींत एक-दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मेथी मोठ्या प्रमाणात सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण तिने साखर आणखी उतरू शकते.

आता पाकीट. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांप्रमाणे दावा खरा, दिशाभूल न करणारा आणि शास्त्रीय आधाराने सिद्ध करता येणारा लागतो. 'अँटिऑक्सिडंटयुक्त' छापलं आणि कोणी आधार मागितला तर एका डीपीपीएच अहवालावर तो उभा राहणार नाही. त्याऐवजी कुटल्याची तारीख ठळक छापा आणि 'भाजलेले तीळ, नव्या हंगामाचे धने-जिरे' असं लिहा. ते खरं असेल आणि गिऱ्हाइकाला समजेलही.

तपासणी करायचीच तर ही करा. एकाच दिवशी कुटलेल्या चटणीचे सहा सारखे नमुने भरा: तीन हवाबंद काचेच्या बाटल्यांत, तीन तुमच्या नेहमीच्या पाकिटांत. एक जोडी लगेच द्या, दुसरी जुलैच्या शेवटी, तिसरी दिवाळीच्या आधी. प्रत्येक वेळी ओलावा, पेरॉक्साइड मूल्य (तेल ऑक्सिजनने किती बिघडलं त्याचं माप) आणि मुक्त मेदाम्लं (तेल फुटून सुटी झालेली आम्लं), एवढंच मागा. पेरॉक्साइड मूल्य आधी चढतं आणि फार बिघडल्यावर पुन्हा उतरतं, म्हणून ते एकटं बघू नका, मेदाम्लांबरोबर बघा आणि वासही घ्या. दोन्ही आकडे दिवाळीपर्यंत हळूहळूच चढले तर भाजणं, कुटणं आणि पाकीट तिन्ही बरोबर आहेत. पाकिटातले चढले आणि काचेतले नाही, तर पाकीट बदला. दोन्हींतले चढले तर आधी खोबरं कुठून आणलं ते तपासा, मग तिळाच्या भाजण्याकडे वळा.